चालत्या जहाजाला तेल पाजताना

विमानवाहू नौकांचे फोटो सगळेच बघतात, त्यांना तेल पाजणाऱ्या जहाजांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माझं आवडतं जहाज त्यातलंच: ब्रिटनच्या रॉयल फ्लीट ऑक्झिलरीचं ‘टाइडस्प्रिंग’. १९६२ साली टाइन नदीकाठच्या हेबर्नला ते पाण्यात उतरलं. ते नौदलाच्या दिमतीला, पण खलाशी नागरी.

समुद्रात तेल भरतात म्हटलं की हमखास प्रश्न येतो, ‘मग जहाजं थांबवत का नाहीत?’ थांबवली तर सुकाणू निकामी होतं. ते जहाज वळवतं, ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. शिवाय युद्धात उभं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. म्हणून दोन्ही जहाजं ताशी १२ ते १५ सागरी मैलांनी शेजारी-शेजारी चालतात. मध्ये जेमतेम ३० ते ५० मीटर पाणी, त्यावर ताणलेली तार आणि तारेला लोंबणारी रबरी नळी.

खरी गंमत त्या मधल्या पाण्यात आहे. चालत्या जहाजाच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी रेटलं जातं, तिथे दाब जास्त. पोटाशेजारून ते वेगाने सरकतं, तिथे दाब कमी. मागच्या टोकाला पुन्हा जास्त. दुसरं जहाज शेजारी आलं की मधल्या चिंचोळ्या पट्टीत पाणी आणखी वेगाने निसटतं, दाब आणखी घसरतो आणि बाहेरचं पाणी दोघांना एकमेकांकडे ढकलतं. हा शाळेतलाच बर्नुलीचा नियम: पाण्याचा वेग वाढला की दाब घटतो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ओढ चौपट. पण दोन्ही नाळांशी दाब जास्त असल्याने त्या मात्र एकमेकींपासून दूर वळू पाहतात. पोट आत ओढलं जातंय, नाळ बाहेर पळतेय. त्यात एक जहाज जरा पुढे-मागे झालं की सगळी बलं बदलतात, आणि सुकाणूवाल्याने सरळ जायचं! १९११ मध्ये टायटॅनिकची थोरली बहीण ‘ऑलिम्पिक’ आणि युद्धनौका ‘हॉक’ आदळल्या, तेव्हा कोर्टात याच ओढीवर वाद झाला. समुद्रात गूढ चुंबकं शोधणाऱ्या बर्म्युडा त्रिकोणाच्या भक्तांनी तेवढा खटला वाचावा.

१९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ‘टाइडस्प्रिंग’ तेलाबरोबर कमांडो आणि दोन वेसेक्स हेलिकॉप्टरं घेऊन साउथ जॉर्जिया बेटाकडे गेलं. दोन्ही हेलिकॉप्टरं तिथल्या फोर्चुना हिमनदीवरच्या हिमवादळात कोसळली. बेट २५ एप्रिलला ब्रिटनला परत मिळालं आणि अर्जेंटिनाचे कैदी याच जहाजावर चढवले गेले.

१९९२ साली ते गुजरातच्या अलंगला भंगारात निघालं. तिथे भरतीच्या पाण्यावर जहाज सरळ वाळूत घुसवतात.