रात्री ऑक्सिजन देतो म्हणे! खांब निवडुंग आणि कोल्हापूरचा पाऊस

नर्सरीत तो उभाच्या उभा, पाच-सहा धारांचा हिरवा कॅक्टस बघत थांबलं की विकणारा हमखास म्हणतो, 'घ्या की ओ, रात्री ऑक्सिजन देतोय, बेडरूममध्ये ठेवा.' व्हॉट्सअ‍ॅपवर पण हेच फिरतंय. यातलं ऑक्सिजनचं खोटं आहे पण रात्रीचं खरं आहे, आणि ते रात्रीचं प्रकरण एकदा कळलं की कुंडी कुठं ठेवायची, पाणी कधी घालायचं हे निम्मं आपोआप कळतं.

बाकीची झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यात भरपूर पाणी वाफ होऊन जातं. निवडुंगाला हे परवडत नाही. तो दिवसभर छिद्रं बंद ठेवतो, अंधार पडून हवा गार झाली की उघडतो, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्ल करून पेशींत साठवतो आणि सकाळी ऊन आलं की छिद्रं मिटून त्या साठ्यातनंच साखर बनवत बसतो. याला कॅम म्हणतात. पण ऑक्सिजन सुटतो तो पाण्याचा रेणू फुटताना आणि त्याला लागतो उजेड, म्हणजे ऑक्सिजन बनतो दिवसाच! रात्री उलट श्वसनासाठी थोडा खर्चच होतो. शिवाय एका कुंडीनं खोलीतल्या हवेत काही फरक पडत नाही, त्यामुळं बेडरूम विसरा.

गंमत म्हणजे या आंबट साठ्याच्या सुरुवातीच्या नोंदींतली एक भारतातलीच आहे. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ इकडं कामाला होता, त्याला दिसलं की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. त्यानं ते लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेला कळवलं, १८१५ च्या सुमारास ते छापून आलं. (तुम्ही नका चावत बसू, पानफुटीत विषारी घटक असतात.)

कॅमला रात्र गार लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी वारं सुटतं, त्यामुळं त्या बाबतीत आपली गच्ची एकदम झकास. अडचण आहे पावसाची. सिनेमात दिसणारा तो हात वर केलेला सग्वारो ज्या वाळवंटात वाढतो तिथं अमेरिकेतल्या टुसॉन शहरात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा आपल्याकडं एकट्या जुलैत सहज होऊन जातो. नर्सरीत मिळतो तो बहुतेक सेरियस, दक्षिण अमेरिकेतला आणि त्यामानानं सोशिक, एखादी सर त्याला काही करत नाही. पण आठ-आठ दिवस सूर्य नाही आणि झिमझिम थांबत नाही असं झालं की कुंडीतली माती वाळतच नाही, आणि मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्या मुळांवाटे बुरशी खोडात शिरते. वरून झाड टवटवीत, आतून बुडखा मऊ. एक दिवस आडवं होतं मग लोक म्हणतात अचानक मेलं.

त्यात आपण वापरतो नदीकाठची काळी माती. उसाला सोनं आहे ती, पण तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते, निवडुंगासाठी याहून वाईट माती शोधून सापडायची नाही. निम्मी साधी तांबडी माती आणि निम्म्यात चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू एवढं पुरतं. विटांचा भुगा चाळून टाकायचा, नाहीतर तोच सिमेंटसारखा बसतो. कुंडी मातीचीच घ्या, कडेनं पण ओल उडते. शेणखत मूठभर बास, युरिया तर अजिबात नको, खोड भसाभसा वाढतं आणि तडकतं. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली, पण कडेनं उघडी, वारं खेळलं पाहिजे. एरवी पाणी घालायचं ते खालून निघेपर्यंत, मग माती पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. उन्हाळ्यात ते आठ-दहा दिवसांनी येतं, थंडीत तीन-चार आठवडेसुद्धा जातात.

तहान लागलीय का हे धारा सांगतात. खोड पेटीच्या भात्यासारखं आहे, पाणी प्यायलं की धारांमधल्या खाचा उथळ होतात, साठा संपला की खोल जातात, साल फाटत नाही. खाचा जरा खोल दिसल्या तर घाबरू नका. शेंडा बारीक होत निघाला तर मात्र उजेड कमी पडतोय, आणि ती बारीक मान परत कधी जाड होत नाही. तरी सावलीतली कुंडी एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका, पिवळे-पांढरे डाग पडतात ते कायमचे. बुडाशी खोड तपकिरी आणि कडक होतं ते वयानं, तपकिरी आणि मऊ झालं तर कुज.

कुज लागलीच तर वरचं वाचवता येतं. स्वच्छ सुरीनं कापत वर जायचं, कापलेल्या जागी मधे दिसणाऱ्या गोल कड्यात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं, मग तुकडा सावलीत दोन आठवडे नुसता ठेवायचा. हळद लावतात, लावा, पण खरं काम कोरडी हवा करते. जखम सुकून कडक झाली की मुरमात उभा करा. कापताना पांढरा चीक आला तर मात्र तो कॅक्टस नाहीच, शेराच्या नात्यातला युफोर्बिया आहे. निगा जवळपास तीच, पण चीक डोळ्यात गेला तर लई वाईट.

सेरियस काही वर्षांनी फुलतो, तेही रात्री, मोठी पांढरी फुलं, सकाळी मिटतात. दारातलं ब्रह्मकमळ पण कॅक्टसच, तेही असंच रात्री उमलतं. मूळ प्रदेशात ही फुलं रात्रीचे पतंग आणि वटवाघळं फळवतात. फळ खाण्याजोगं असतं, इस्राएलमध्ये त्याची शेतीसुद्धा केलीय. आपल्याकडं फुलं येऊनही फळ धरत नाही अशी तक्रार असते, कारण सेरियसला स्वतःचा पराग चालत नाही आणि गल्लीतले सगळे खांब एकाच झाडाचे तुकडे असले तर ते सगळे मिळून एकच झाड. फळ पाहिजे असेल तर दुसऱ्या पेठेतनं वेगळ्या झाडाचा तुकडा आणा, आणि दोन्ही एकाच रात्री फुलली की ब्रशनं पराग इकडचा तिकडं करा.