लघुगोधडी : काठ व टाक्यांची नक्षी

लघुगोधडी : मोठ्या गोधडीतील तुकडेकाम, काठ, टाक्यांची नक्षी व गोट (कडेला दुमडून शिवलेली पट्टी) हे सर्व घटक प्रमाणात लहान करून शिवलेली तीन थरांची शोभेची वस्तू. मिनिएचर क्विल्ट या नावानेही ती ओळखली जाते. अमेरिकेतील अनेक प्रदर्शन-स्पर्धांत तिची कोणतीही बाजू २४ इंचांहून मोठी चालत नाही. मात्र माप लहान असले म्हणजे झाले, असे नाही. १० इंची ब्लॉक (तुकडे जोडून केलेले नक्षीचे चौकोन) चार जोडून केलेली २० इंचांची गोधडी ही लघुगोधडी नव्हे, तो मोठ्या गोधडीचा कोपरा ठरतो. म्हणून ब्लॉक साधारणपणे ४ इंच किंवा त्याहून लहान ठेवतात. नुसते छायाचित्र पाहून गोधडी पलंगावरची की तळहातावरची हे ओळखता येऊ नये, अशी जाणकारांची अपेक्षा असते. बाहुलीघरासाठी रूढ असलेल्या १:१२ या प्रमाणात ८४ × ९६ इंचांची गोधडी ७ × ८ इंचांची होते. पण तो एक वेगळाच विभाग मानावा लागेल.

काठाचा उगम : तुकडे जोडलेल्या गोधडीला काठ का व केव्हापासून लावू लागले, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार हा प्रभाव भारताच्या कोरोमंडल (पूर्व) किनाऱ्यावरून सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात गेलेल्या चित्रित सुती पलंगपोसांचा आहे. त्यांच्या मध्यभागी वृक्ष किंवा मोठी आकृती, भोवती वेलबुट्टीचा रुंद काठ आणि चार कोपऱ्यांत स्वतंत्र नक्षी असे. इंग्लंडमध्ये १७०१ व १७२१ च्या कायद्यांनी छापील सुती कापडावर निर्बंध आले, ते १७७४ मध्ये उठले. मध्यभाग व त्याभोवती एकामागून एक चौकटी अशी गोधड्यांची रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेली दिसते. तिचा या पलंगपोसांशी संबंध जोडला जातो. दुसरे मत अधिक व्यवहारी आहे. पलंगाचा वरचा भाग झाकून उरलेले कापड बाजूंनी खाली लोंबते, त्या लोंबणाऱ्या भागाला वेगळी रचना हवी, आणि गोधडी वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पट्टी जोडणे. न्यू इंग्लंडमधील काही जुन्या गोधड्यांचे पायथ्याकडचे दोन कोपरे पलंगाच्या खांबांसाठी कापून काढलेले आढळतात. कित्येक गोधड्यांना तीनच बाजूंना काठ आहे. उशीकडची बाजू तशीच सोडलेली. नुसत्या नक्षीच्या अनुकरणातून या गोष्टींचा उलगडा होत नाही, त्यामुळे काठाचे नाते पलंगाच्या मापाशी जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. कोपऱ्यांतील अलंकरण मात्र पलंगपोसांकडून आले असणे शक्य आहे.

लघुगोधडीच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे. तिला लोंबायला पलंगच नसल्यामुळे काठाचे मूळ काम उरत नाही आणि तो केवळ चौकट बनतो. म्हणून मोठ्या गोधडीत शोभणारा फार रुंद काठ लहान मापात आणला की मधले काम त्यात हरवते.

टाक्यांच्या काठनक्षीच्या दोन परंपरांचा उल्लेख करावा लागेल. इंग्लंडच्या उत्तर भागात पीळ, वेणी व पिसांची वेल अशा सलग धावणाऱ्या नक्ष्या प्रचलित होत्या. वेल्समध्ये काठ दुहेरी रेघांनी वेगळा करून कोपऱ्यात चौकोन ठेवण्याकडे कल दिसतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील ऑलनहेड्स या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी रेखून देणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला होता; एलिझाबेथ सँडरसन (१८६१–१९३३) हे त्यातील प्रसिद्ध नाव. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातील आमिश या ख्रिस्ती पंथीयांच्या गोधड्यांचे काठ रुंद व कोपरे मोठ्या चौकोनांचे असतात.

लहान आकाराच्या जुन्या गोधड्या बहुतेक बाहुलीच्या किंवा पाळण्याच्या आहेत. अमेरिकन लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी १८३६ मध्ये बॉस्टन येथील गुलामगिरीविरोधी मेळ्यासाठी केलेली पाळण्याची गोधडी परिचित आहे. बाहुलीच्या गोधड्या मुलींना शिवण शिकवण्यासाठी करून घेत, असे सर्रास लिहिले जाते. काहींतील ओबडधोबड टाके पाहता त्यात तथ्य असावे. पण बऱ्याच गोधड्या उरलेल्या ब्लॉकच्या किंवा जीर्ण मोठ्या गोधडीतून कापलेल्या दिसतात. प्रमाणबद्ध लघुगोधडी ही बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ मध्ये अमेरिकन गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि गोधडीकडे भिंतीवरची कलाकृती म्हणून पाहण्याला बळ मिळाले. केंटकी राज्यातील पडूका येथे १९९१ मध्ये उघडलेल्या गोधडी-संग्रहालयात लघुगोधड्यांचाही संग्रह आहे.

काठाचे गणित : प्रमाण लहान केले तरी कापडाची जाडी, दोरा व शिवणीची माया (शिवणीबाहेर राखलेले जादा कापड) लहान होत नाही. लघुगोधडीच्या रचनेतील जवळपास प्रत्येक अडचण येथून सुरू होते. ३ इंचांच्या तयार चौकोनासाठी दोन सूत (पाव इंच) माया धरून साडेतीन इंचांचा तुकडा कापला, तर सुमारे २७ टक्के कापड शिवणीत जाते. अर्ध्या इंचाच्या चौकोनासाठी १ इंचाचा तुकडा लागतो आणि त्यातले ७५ टक्के कापड मागे दडते. म्हणून शिवण दोन सुतांवर घालून नंतर माया एक सूत ठेवून छाटतात. बारीक त्रिकोणांचे काठ कागदावर आखलेल्या रेघेवरून शिवतात. हाताने तुकडे जुळवून इतकी अचूकता साधणे कठीण असते.

काठाची रुंदी ब्लॉकच्या पाव भागापासून एका ब्लॉकइतकी असावी, असा ढोबळ संकेत आहे. आत पाव इंचाची गडद पट्टी आणि बाहेर २ इंचांचा काठ ही जोडी १६ इंचांच्या मध्यभागाला सहसा जमते. पाव इंचाची पट्टी पाऊण इंच रुंद कापावी लागते आणि तिची शिवण जरा जरी वाकली तरी लगेच दिसते; मोठ्या गोधडीत तेवढी चूक खपून जाते. पट्टी उभ्या धाग्यावर कापणे श्रेयस्कर. तिची लांबी कडेवरून न घेता मध्यभागातून घ्यावी, कारण हाताळणीने कडा ताणलेल्या असतात.

तुकड्यांच्या काठात पुनरावृत्ती मध्यभागाच्या मापात बसवणे हे खरे काम. १६ इंचांच्या बाजूवर दीड इंचाचा घटक १० वेळा बसून १ इंच उरतो. घटक ओढून-ताणून बसवण्यापेक्षा मध्यभागाला चारही बाजूंनी पाव इंचाची जोडपट्टी लावली, तर बाजू साडेसोळा इंचांची होते व ११ घटक नेमके बसतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ असेल आणि दात्यांची दिशा मध्यावर उलटायची असेल, तर घटकांची संख्या सम हवी. मग १२ घटकांसाठी बाजू १८ इंचांची, म्हणजे जोडपट्टी १ इंचाची करावी लागते. तेवढ्याने रचनेचा तोल बदलतो. म्हणून काठ शेवटी सुचण्याची गोष्ट नाही, मध्यभागाचे माप ठरवतानाच तो ठरवावा.

कोपरे तीन प्रकारे करतात : पट्ट्या एकमेकींवर सरळ आणून, ४५ अंशांत तिरके जोडून किंवा स्वतंत्र चौकोन घालून. पट्टेदार कापडाला तिरका जोड शोभतो. तुकड्यांच्या काठाला चौकोन सोयीचा. पहिल्या प्रकाराबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही.

टाक्यांची नक्षी : हाताने घातलेले उत्तम धावटाके इंचात साधारण १० ते १२ दिसतात. ८० इंचांची गोधडी २० इंचांवर आणली, तर त्याच प्रमाणात इंचाला ४० टाके हवेत. ते कोणालाही जमणार नाही. तेव्हा नक्षी यांत्रिकपणे लहान करून भागत नाही, तिची फेरनिवड करावी लागते. मोठ्या गोधडीतील १ इंचाची चौकडी येथे पाव इंचाची होते आणि तिच्या दोन छेदांमध्ये जेमतेम अडीच टाके पडतात; रेघ दिसतच नाही, टिंबांची गर्दी तेवढी दिसते. अर्ध्या इंचाच्या जाळीत पाच टाके पडतात व रेघ वाचता येते. पिसांच्या वेलीतही हेच. पिसे लहान करण्याऐवजी त्यांची संख्या कमी करून प्रत्येक पीस अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवले, तर वळण टिकते. यंत्रावर रेघ सलग असल्यामुळे बारीक नक्षी शक्य होते. त्यासाठी १०० क्रमांकाचा रेशमी दोरा वापरतात, तो कापडाच्या रंगात जवळजवळ मिसळून जातो.

पिळाची नक्षी कोपऱ्यापासून आखतात. २० इंचांच्या गोधडीत काठ २ इंचांचा असेल, तर दोन कोपऱ्यांमध्ये १६ इंच राहतात. पावणेदोन इंचांचा घटक तेथे ९ वेळा बसतो आणि पाव इंच उरतो. तो नऊ घटकांत वाटला, तर प्रत्येकाला पाव सुतापेक्षाही कमी ताण पडतो, म्हणजे डोळ्याला कळत नाही. हिशोब नको असणारे कारागीर १६ इंचांची कागदी पट्टी घड्या घालून सारखी विभागतात. घड्यांनी बहुधा ८ भाग मिळतात व घटक २ इंचांचा होतो. २ इंचांच्या काठात तो चालून जातो.

मधला भाग दाट टाचून काठ मोकळा सोडला, तर मधले कापड आकसते व काठ लाटांसारखा उठतो. लहान आकारात हा दोष अधिक ठळक दिसतो, कारण गोधडीला सपाट ठेवणारे स्वतःचे वजन नसते. म्हणून काठावरील टाक्यांची दाटी मध्यभागाइतकी राखतात. शिवणीच्या खाचेतून टाका घालणे किंवा आकृतीभोवती समांतर रेघा घेणे मध्यभागी ठीक, पण माया जिथे दुहेरी-तिहेरी साचते तिथे हाताची सुई अडते. काठाचे कापड एकसंध असते, त्यामुळे नाजूक नक्षीसाठी तीच खरी जागा. मधल्या थरासाठी पातळ सुती किंवा रेशमी भरण घेतात, काही वेळा नुसते फ्लॅनेलही. जाड भरणाने गोधडी ताठ होऊन उशीसारखी फुगते. गोट एकेरी घालतात. सव्वा इंचाच्या पट्टीतून तयार गोट सुमारे दोन सूत दिसतो.