सहाध्यायी-समीक्षा (लेखन-शिक्षण)

एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा कच्चा खर्डा वाचून त्यावर अभिप्राय देण्याची लेखन-शिक्षणातील पद्धत. लेखकाला वाचक मिळतो आणि शिक्षकाचा तपासणीचा भार हलका होतो, म्हणून ती रूढ झाली. मात्र या व्यवहारात जास्त शिकतो तो बहुधा अभिप्राय देणारा.

याची पाहणी क्रिस्टी लुंडस्ट्रॉम व वेंडी बेकर यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या 91 विद्यार्थ्यांपैकी एका गटाने सत्रभर केवळ अभिप्राय दिले, तर दुसऱ्याने अभिप्राय वापरून लेखन कसे सुधारायचे एवढेच शिकले. सत्राअखेर पहिल्या गटाचे स्वतःचे लेखन अधिक सुधारले होते. भाषेत तुलनेने कच्चे असलेल्यांत हा फरक विशेष दिसला. मग नुसते इतरांचे लेखन वाचले तर भागेल का? क्वांगसू चो आणि चार्ल्स मॅकार्थर यांनी 2011 मध्ये समीक्षा करणारे, केवळ वाचणारे आणि यातले काहीच न करणारे असे तीन गट ताडून पाहिले. समीक्षा करणाऱ्यांचे लेखन सरस ठरले. वाचताना जे नुसते खटकते, त्याचे कारण शब्दांत मांडावे लागले की खरे शिक्षण सुरू होते.

आपलाच खर्डा वाचताना लेखकाला अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे कागदावरच्या फटी त्याचे मन आपोआप बुजवते. दुसऱ्याचा खर्डा वाचताना ही सोय नसते. समजा, परिच्छेद 'त्यामुळे' या शब्दाने सुरू होतो आणि कशामुळे ते मागे कुठेच सांगितलेले नाही. समीक्षक तिथे अडतो, मागे जातो, दुवा शोधतो आणि अखेर समासात 'कशामुळे?' असे लिहितो. दोष दिसणे, त्याचे मूळ सापडणे आणि उपाय सुचणे ही तीन निरनिराळी कामे आहेत; तिसरे सर्वांत अवघड, कारण त्यासाठी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा लिहून पाहावे लागते. हा सराव ताजा असतानाच आपला खर्डा हाती घेतला, तर त्यातले निराधार 'त्यामुळे' डोळ्यांत भरतात. म्हणून समीक्षा आणि स्वतःचे पुनर्लेखन यांत फार दिवस जाऊ देऊ नयेत.

नवखे समीक्षक मात्र पहिल्यांदा ऱ्हस्व-दीर्घावर तुटून पडतात. त्यात त्यांची चूक नाही. आजवर आपल्या वह्यांवर त्यांनी तेच शेरे पाहिलेले असतात. नॅन्सी सॉमर्स यांनी 1980 मध्ये दाखवले की विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्दांची अदलाबदल समजतात, तर अनुभवी लेखक त्यात आपल्या युक्तिवादाचा आकार शोधतात. त्यामुळे 'लेख कसा वाटला?' असे विचारण्यात अर्थ नाही. उत्तर 'छान' असेच येते. 'लेखकाचे मुख्य म्हणणे तुमच्या एका वाक्यात लिहा' किंवा 'कोणता दावा पुराव्याविना राहिला?' अशा प्रश्नांनी समीक्षकाला मजकुरात उतरावेच लागते. पहिला प्रश्न तर इतका उपयोगी आहे की बाकी सारी प्रश्नावली गाळली तरी चालेल. समीक्षकाचे वाक्य आणि लेखकाच्या मनातले म्हणणे जुळले नाही, तर काय दुरुस्त करायचे ते दोघांनाही कळते.

खर्डे उत्तमच हवेत असे नाही. चांगल्या खर्ड्यातून मांडणीची तऱ्हा उचलता येते, फसलेल्यातून दोष ओळखता येतात. निरनिराळ्या दर्जाचे दोन-तीन खर्डे मिळाले तर तुलनेने कसोटी तयार होते.

मित्राला दुखवू नये म्हणून गुळमुळीत लिहिणे ही नेहमीची अडचण. नावे झाकली की ती काहीशी सुटते. सल्ला चुकीचाही असू शकतो, म्हणून तो नाकारण्याचा हक्क लेखकाकडे राहावा लागतो. समीक्षेलाच गुण दिले तर विद्यार्थी ती गांभीर्याने करतात, पण मग शेरे विनाकारण लांबतात. गुण द्यायचेच, तर लांबीला नव्हे, लेखकाला पुढे काय करायचे ते किती नेमके सांगितले याला द्यावेत.