खिडकीत उकळणारं पाणी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. "भाऊजी, जरा येऊन बघा हो, आमच्या खिडकीत पाणी उकळतंय." रत्नागिरीत समुद्राकडे तोंड करून उभी असलेली आमची इमारत, तिसरा मजला, अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी. दोन्ही शटरं घट्ट ओढलेली, आणि खालच्या ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी खरोखरच चहाच्या आधणासारखं बुडबुडत होतं. वारा जरा वाढला की बुडबुडे वाढत, शिंतोडे थेट दिवाणावर. खाली परात, दोन टॉवेल आणि एक जुनी साडी आपापलं काम करत होत्या.

पाणी अर्थातच गार होतं. वहिनींच्या मुलाने तोवर मोबाइलवर उपाय शोधला होता. थंड देशातले एक गृहस्थ हसतमुखाने खिडकीची प्रत्येक फट सिलिकॉनने बुजवत होते. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर फॅब्रिकेटरला बोलावून तसंच केलं. त्याने बाहेरून सगळं बुजवलं, ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची बारीक चिरांसारखी भोकंसुद्धा. "आता थेंब येणार नाही." चार दिवसांनी पुढची मोठी सर आली आणि परातीच्या जागी बादली आली.

हा लेख त्या बादलीमुळे लिहितोय.

व्हिडिओतले गृहस्थ खोटं बोलत नव्हते, त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्याकडे घरात ऊब, बाहेर बर्फ. गरम हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि खालच्या फटींतून गारठा आत ओढला जातो. आत-बाहेर ३० अंशांचा फरक आणि दुमजली घर धरलं, तर या खेचण्याचा दाब ७-८ पास्कल भरतो (पास्कल हे दाब मोजायचं एकक). आपल्याकडे जुलैत आत-बाहेर फरक किती? दोन-तीन अंश. आपल्या एका मजल्याच्या उंचीला हिशेब केला तर अर्धा पास्कलही होत नाही. कोकणातल्या खिडकीच्या फटीतून ऊब जात नाही, पाणी येतं. आणि ते आणणारा दाब शेकड्यांत मोजावा लागतो.

आधी पावसाचा कोन बघू. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली पडतो. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा येतो तेव्हा त्यात 'ताशी ५० ते ६० किलोमीटर वारे' असे शब्द अनेकदा असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. थेंब खाली येतो त्याच्या अडीचपट वेगाने आडवा जातो. दीड फुटाचा छज्जा अशा पावसात खिडकीचा वरचा सात इंच भाग झाकतो, बाकी खिडकी उघड्यावरच. भिंतीजवळ वारा वळतो, म्हणून हा हिशेब ढोबळ. पण ज्याला झड म्हणतात ती हीच.

नुसत्या झडीने काच ओली होईल, घर नाही. पाणी आत ढकलायला जोर लागतो आणि तो वाऱ्याच्या दाबाचा. वाहती हवा भिंतीशी थांबली की तिच्या वेगाचा दाब होतो: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. घनमीटरला १.२ किलो घनता धरून ६० किलोमीटरच्या वाऱ्याला येतात १६७ पास्कल. चौरस मीटर काचेवर १७ किलोचं ओझं टेकवल्यासारखं. मला त्याचं दुसरं माप जास्त आवडतं. हा दाब १७ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलून धरतो.

आता ट्रॅककडे या. सरकत्या खिडकीत पाणी शिरणार हे ती बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून ट्रॅक पन्हळीसारखा असतो, आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असते आणि बाहेरच्या अंगाला ती भोकं असतात, शिरलेलं पाणी वजनाने निघून जावं म्हणून. वहिनींच्या खिडकीची आतली कड मी पट्टीने मोजली: २२ मिलिमीटर. ताशी ६०च्या वाऱ्यात पाणी १७ मिलिमीटरपर्यंत चढून कडेच्या आत राहतं. ताशी ७०च्या झोताला दाब होतो सुमारे २२७ पास्कल, म्हणजे २३ मिलिमीटर. एका मिलिमीटरने घर भिजतं! दाब वेगाच्या वर्गाने वाढतो ना. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२०ला स्तंभ जवळजवळ सात सेंटीमीटर होतो. त्या दिवशी बंद खिडक्यांतूनही घरात तळी झाली यात नवल नाही.

मग बुडबुडे कशाचे? बाहेरची दाबलेली हवा त्या निचऱ्याच्या भोकांतून आत घुसते, साचलेल्या पाण्यातून वर येते आणि शटरच्या आतल्या बाजूच्या झिजलेल्या पट्टीतून खोलीत जाते. ही केसाळ पट्टी, फॅब्रिकेटर तिला वूल पाइल म्हणतात, चार-पाच पावसाळ्यांत टक्कल पडल्यासारखी होते. ती धड असती तर ट्रॅकमधली हवा अडून राहिली असती. अडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेइतकाच होतो. दोन्हीकडे दाब सारखा झाला की पाण्याला आत ढकलणारं कुणी उरत नाही, ते मुकाट्याने भोकांतून बाहेर पडतं. भोकं बुजवली की पाण्याची वाट गेली, आणि शटरांच्या सांध्यातून तर ते शिरतच राहिलं. त्यातून बादली.

म्हणजे फट आतल्या अंगाला बुजवायची, बाहेरच्या अंगाला पाण्याला आणि हवेला वाट ठेवायची. हे कानाला उलटं लागतं, पण १९६३ साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जी. के. गार्डन यांनी भिंतींबाबत नेमकं हेच मांडलं. बाहेर पावसाला अडवणारा पण हवेला मोकळा पडदा, मागे हवेची पोकळी, आणि तिच्याही मागे हवा न सोडणारी भिंत. माझी मालवणकडची आजी शाळेत गेली नव्हती, पण मे महिना संपायच्या आत पडवीला चुडतांचे, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे, झाप बांधून घ्यायची. झापातून वारा आरपार जातो, म्हणून तो फाटत नाही. थेंबाचा मात्र वेग मोडतो आणि तो झापावरूनच खाली ओघळतो. मागचा मातीचा कूड कोरडा. त्या कुडाने हवा पुरती अडत नसे, तेव्हा गार्डनसाहेबांचं तत्त्व आजीला अर्धंच ठाऊक होतं असं म्हणू.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. थोडं गणित आहे, धीर धरा.

पश्चिमेकडून वारा आला की पश्चिमेच्या भिंतीवर तो दाबतो, आणि इमारतीला वळसा घालून गेल्यावर पूर्वेच्या भिंतीवर ओढ निर्माण करतो. या दोन टोकांमधला एकूण फरक साधारण आपल्या त्या १६७ पास्कलांएवढाच. प्रश्न असा की घरातली हवा या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते? ते ठरवतात फटी. पश्चिमेच्या फटींतून जेवढी हवा आत येते तेवढीच पूर्वेच्या फटींतून बाहेर जायला हवी. फटीतून जाणारी हवा फटीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते आणि दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे क्षेत्रफळाचा वर्ग गुणिले दाबाचा फरक, हा आकडा दोन्हीकडे सारखा येतो. समजा पूर्वेकडे स्वयंपाकघराची काचपट्ट्यांची झरोकी उघडी आहे आणि तिची वाट पश्चिमेच्या सगळ्या फटींच्या तिप्पट आहे. तिप्पटीचा वर्ग नऊ. एकूण दाबाचे दहा भाग केले तर नऊ भाग पश्चिमेच्या खिडकीवर पडतात, पूर्वेला एक. उलट पूर्वेची वाट पश्चिमेच्या फटींच्या एक तृतीयांश केली तर पश्चिमेच्या खिडकीवर उरतो एकच भाग.

थोडक्यात, समुद्राकडच्या खिडकीतून पाणी येत असेल तर डोंगराकडची खिडकी लावा.

यावर विश्वास बसणार नाही हे माहीत होतं, म्हणून गवंड्याकडून लेव्हल पाइपचा, म्हणजे पारदर्शक नळीचा, तुकडा आणला. इंग्रजी यूसारखा वाकवला, पाणी भरलं आणि दिसावं म्हणून त्यात चार थेंब कोकमाचं आगळ टाकलं. एक टोक पश्चिमेच्या फटीतून बाहेर काढून खाली वळवलं, दुसरं खोलीत. पुढच्या सरीला स्वयंपाकघराची झरोकी उघडी असताना लाल पाणी दोन बाजूंत ११-१२ मिलिमीटरचा फरक दाखवत नाचत होतं. वहिनींनी झरोकीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दाबून धरला आणि फरक चारच्या आसपास आला. ट्रॅकमधलं आधण बसलं. वारा तोच, पाऊस तोच. (पुठ्ठा लावलेला असताना गॅस पेटवायचा नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं.)

ही युक्ती स्लॅबच्या घरातच चालते. कौलारू घरात प्रत्येक दोन कौलांमध्ये फट असते, सगळ्यांची बेरीज कुठल्याही खिडकीपेक्षा मोठी, त्यामुळे आतला दाब छप्परच ठरवतं. पत्र्याच्या घराची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वादळात वाऱ्याकडची खिडकीच फुटली आणि पलीकडे सगळं बंद असेल, तर घर फुग्यासारखं फुगतं. वरून वारा पत्रा ओढतो, खालून घरातली हवा ढकलते. अशा घरात वाऱ्याकडच्या खिडकीची फळी आणि कडी आधी मजबूत करावी.

फटीतल्या हवेला आवाजही असतो. पातळ झोत फटीच्या कडेवर आपटून एकदा इकडे एकदा तिकडे भोवरे सोडतो, त्यांच्या ठेक्याची शिट्टी होते. वारा वाढला की भोवरे झपाझप सुटतात आणि सूर चढतो. लहानपणी आत्या सांगायची, "देवचार शीळ घालता, गप रव." त्या देवचाराला, म्हणजे भुताला, मी पुढे कागदाच्या बोळ्याने गप्प केलं. हल्लीचा देवचार जास्त महाग असतो. वहिनींना एका वास्तुवाल्याने पश्चिमेची खिडकी अशुभ म्हणून कायमची बंद करायला सांगितली होती, वर तांब्याची पट्टी विकली. नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे समुद्राकडून येतो, तेव्हा त्या खिडकीचा त्रास खरा आहे. तांब्याच्या पट्टीने मात्र पाण्याचा स्तंभ एक मिलिमीटरही उतरत नाही.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी, पाऊस नसताना, आतून चौकटीच्या कडेने फिरवा. धूर आडवा झाला तिथे खूण करा. सिलिकॉन ओल्यावर धरत नाही, म्हणून हे काम मेमध्ये. शिरक्याचा वास येणारं सिलिकॉन धातूवर टाळा. तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा असतो आणि खाऱ्या हवेत धातूला आधीच पुरे झालेलं असतं. लोखंडी स्क्रूही नकोत, अ‍ॅल्युमिनियमशी त्यांचं जमत नाही, स्टेनलेस वापरा. लाकडी खिडकी असेल तर जुलैत ती अडकते म्हणून सुताराकडून तासून घेऊ नका. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगतं, जानेवारीत आकसतं, आणि तासलेल्या जागी बोटभर फट उरते. घर डबीसारखं बंद करायचीही घाई नको, पाऊस थांबला की झरोकी उघडा, नाहीतर कपाटामागे बुरशी धरेल.

वहिनींच्या खिडकीला शेवटी आतून नवी वूल पाइल बसवली आणि बाहेरची भोकं सुईने मोकळी केली. ऑक्टोबरात पाहिलं तर त्यातली दोन पुन्हा बुजलेली. या वेळी फॅब्रिकेटर नव्हता. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या, पिल्लं उडेपर्यंत राहू दे.