वकिलीची निरवानिरव

सनदधारक वकिलाने व्यवसाय थांबवताना हातातली प्रकरणे, पक्षकारांचे कागद, पैशाचा हिशेब आणि स्वतःची सनद (वकिलीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र) यांची लावायची व्यवस्था. साताऱ्याच्या बाररूममध्ये याला सहसा कोणी निवृत्ती म्हणत नाही. 'साहेबांनी कोर्टात येणं कमी केलंय' एवढेच म्हणतात, आणि ते चूकही नाही. न्यायाधीशाला निवृत्तीची तारीख असते. वकिलाला ती नसते, कारण वकील कायदा, १९६१ मध्ये वयाची वरची मर्यादाच नाही. वकिली संपते ती एकेका फाइलीने.

सातारा, कराड, वाई, फलटण, पाटण, वडूज अशा कोर्टांतल्या दिवाणी वकिलाच्या कपाटात जमिनीचे दावे भरपूर असतात : वाटप, हद्द, वहिवाट, मनाई. एक भाऊ गावी कसतो, दुसरा मुंबईला माथाडीत, बहीण कोरेगावला दिलेली, असे घर नेहमीचे. वाटपाचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निर्णय) झाला तरी काम उरतेच. महसूल आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावे लागते. मोजणी, सरस-निरस (चांगली-हलकी जमीन तोलून पाहणे), हरकती. त्यामुळे ज्युनिअरपेक्षा वयाने मोठी फाइल ऑफिसात असणे हे नवल नव्हे.

खरी अडचण वकीलपत्राची, म्हणजे पक्षकाराने वकिलाला आपल्या वतीने काम चालवायला दिलेल्या लेखी अधिकाराची. संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेले वकीलपत्र आपोआप संपत नाही. पक्षकाराने किंवा वकिलाने सही करून लेखी दिले आणि कोर्टाने परवानगी दिली, दोघांपैकी एकजण वारला, किंवा त्या पक्षकारापुरते कामकाज पुरे झाले, तरच ते सुटते. 'पुरे झाले' याचा अर्थही ताणलेला आहे : फेरविचार, अपील, नकला काढणे, दाखल केलेले मूळ कागद परत घेणे हे सगळे त्याच कामकाजात मोडते. नियम ५ त्याहून कडक आहे. वकिलावर झालेली नोटिशीची बजावणी पक्षकाराला पोचली असे धरले जाते. म्हणजे पाटण तालुक्यातला म्हातारा निर्धास्त, कारण 'वकीलसाहेब बघतायत'. वकीलसाहेब पुण्याला मुलाकडे. आणि इकडे एकतर्फी हुकूम.

म्हणून जाणते वकील वर्ष-दोन वर्षे आधी नवे वकीलपत्र घेणे थांबवतात आणि डायरीवरून चालू दाव्यांची यादी करतात. प्रत्येक पक्षकाराला पोचपावतीच्या टपालाने पत्र जाते : पुढची तारीख अमुक, दावा अमुक टप्प्यावर, दुसरा वकील नेमा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पुरेसे कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय काम सोडता येत नाही, आणि न केलेल्या कामाची घेतलेली फी परत द्यावी लागते. मग कोर्टात अर्ज. उलटतपास अर्ध्यावर असलेला दावा सोडू नये, तो संपवूनच उठावे, असा जुना रिवाज आहे. तो नियमापेक्षा शहाणा वाटतो.

यादी करताना हमखास एक गोष्ट उघडी पडते : मेलेले पक्षकार. पक्षकार वारल्याचे कळले की ते कोर्टाला कळवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे (आदेश २२, नियम १०-अ). वारस लावण्याची मुदत ९० दिवस. ती चुकली तर दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि ते रद्द करून घ्यायला आणखी ६० दिवस. जिथे तारीख फक्त 'तहकूब' म्हणून पुढे जात राहिली, तिथे वादी तीन वर्षांपूर्वी गेल्याचे निवृत्तीच्या पत्राला उत्तर आल्यावर कळते. पत्रे पाठवायला एवढे एक कारणही पुरे.

मुलगा किंवा मुलगी वकील असली की लोक गृहीत धरतात की ऑफिस तिकडे गेले. टेबल जाते, लायब्ररी जाते, अशीलही बहुधा जातात. वकीलपत्र वारसाने जात नाही, ते नव्याने सही करून द्यावे लागते. नव्या वकिलाला आधीच्याची नाहरकत लागते. ती न मिळाल्यास कोर्टाची परवानगी. इथे फीचा रुसवा निघतो. 'राहिलेले द्या, मग फाइल न्या' असे म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट सांगितले, की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून धरता येत नाहीत. फीचा दावा वेगळा लावावा.

कागद वाटणे हे सगळ्यात वेळखाऊ काम. लाल फडक्याच्या बस्त्याची गाठ वर्षानुवर्षे सुटलेली नसते. सोडली की वर हस्तलिखित सातबारा, खाली फेरफाराची नक्कल, मध्ये घडीवर फाटलेले मूळ खरेदीखत आणि मुंबईहून आलेले कार्ड : 'साहेब, तारीख कळवावी.' मूळ दस्त, सही-शिक्क्याच्या नकला आणि वकिलाची स्वतःची टिपणे असे तीन ढीग पाडावे. पहिले दोन पक्षकाराचे. पोच घेताना 'फाइल मिळाली' एवढ्यावर सही घेऊ नये. दस्ताचा क्रमांक, वर्ष, पाने लिहावी. मुंबईकर गावच्या यात्रेला येतात, तेव्हा निम्मा गठ्ठा रिकामा होतो. निकाली फायलीही घाईने रद्दीत घालू नयेत : हुकूमनाम्याच्या दरखास्तीला (अंमलबजावणीच्या अर्जाला) सामान्यतः १२ वर्षांची मुदत आहे, आणि कायम मनाईच्या हुकमाला तर मुदतच नाही. भाऊबंदकीतले मूळ कागद एकट्या भावाच्या हाती देणे म्हणजे नव्या दाव्याची तयारी.

वर पाठवलेल्या अपिलांची यादी वेगळी करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापूरला सुरू झाले आणि सातारा, सांगली त्याच्या कक्षेत आले. जुने ब्रीफ मात्र मुंबईच्या वकिलांकडे असू शकते. ई-कोर्टात (कोर्टांच्या ऑनलाइन प्रणालीत) नोंदवलेला मोबाइल नंबरही बदलायला हवा, नाहीतर तारखांचे एसएमएस घरी बसलेल्या साहेबांनाच येत राहतात.

सनदेचे काम सोपे, पण टाळले जाते. व्यवसाय स्वेच्छेने स्थगित करताना मूळ सनद जोडून राज्य बार कौन्सिलला नोंदणीकृत टपालाने कळवायचे असते. पुढे मन बदलले तर अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. सनद भिंतीवर फ्रेममध्ये असते, ती उतरवायला हात धजत नाही. कल्याण निधीचे सभासद असल्यास त्याचा अर्ज, व्यवसाय कराची नोंदणी रद्द करणे, कारकुनाचा हिशेब ही कामे ओघात होतात. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निर्णय १४ मे २०२४ रोजी झाला. शिस्तभंगाची तक्रार मात्र बार कौन्सिलकडे करता येते.

गोपनीयता काम संपल्यावरही सुटत नाही; पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकिलाने नंतरही बाहेर काढायचे नसते. मृत्युपत्राचे तसे नाही. साक्षीदार म्हणून त्यावर वकिलाने सही केलेली असेल, तर करणारा वारल्यावर ते शाबीत करायला हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात बोलवावे लागते. मग कोर्ट सोडून पाच-दहा वर्षे झालेल्या माणसाच्या दारात बेलीफ समन्स घेऊन उभा राहतो, आणि काळा कोट न घालता, साध्या सदऱ्यात, ते पिंजऱ्यात चढतात.