इराक युद्ध: मुखत्यारपत्रावरची सही आणि मुखत्याराचा कारभार

गावाकडे जमिनीची भानगड झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी नुसती सही दिली होती, विकायला कुठे सांगितलं होतं?" मग कागद उघडतात. तो निघतो कुलमुखत्यारपत्र, आणि विक्रीचा अधिकार त्यात सरळ लिहिलेला असतो. इराक युद्धाला मत देणाऱ्या अमेरिकी सिनेटरांचे नंतरचे खुलासे वाचताना मला दर वेळी हेच वाक्य आठवतं.

या प्रकरणात दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते. एक, युद्धाची मुभा देणारं मत. दुसरी, युद्ध ज्या गलथानपणे चालवलं गेलं तो कारभार.

आधी मत. १० ऑक्टोबर २००२ ला प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ मतांनी ठराव मंजूर केला आणि त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन होकाराच्या बाजूला होते. हे युद्ध पुकारणं नव्हतं, हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. राष्ट्राध्यक्षांना 'आवश्यक आणि योग्य' वाटेल तसं सैन्य वापरता येईल, एवढंच ठरावात होतं. वाटाघाटींनी भागणार नाही असं बुश यांनी ठरवलं, तर तसं संसदेला कळवायचं होतं. विचारायचं नव्हतं, कळवायचं. आपलं मत म्हणजे एकतर्फी युद्धाला पाठिंबा नव्हे, असं क्लिंटन यांनी भाषणात बजावलं. भाषण इतिवृत्तात गेलं, पण ठरावात तशी अट आली नाही.

हे मत तोलायचं तर त्या रात्री हाताशी काय होतं ते बघावं लागतं. इराककडच्या शस्त्रांबद्दलचा नव्वदेक पानांचा गुप्त अहवाल सिनेटरांना वाचायला उपलब्ध होता. इराक मिळवू पाहत असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या खरंच अणुकार्यक्रमासाठी आहेत का, यावर त्यात सरकारी खात्यांचेच मतभेद नोंदलेले होते. गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो वाचला आणि विरोधात मत दिलं. आपल्याला अहवालाची सविस्तर माहिती दिली गेली होती, असं क्लिंटन पुढे म्हणाल्या. वाचला होता, असं म्हणाल्या नाहीत.

आता कारभार. त्याचा हिशेब मार्च २००३ मधल्या चढाईपासून सुरू होतो आणि त्यात सिनेटरांचा थेट हात नाही. युद्धानंतर इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असं लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. संरक्षण खात्याने ते उडवून लावलं. एप्रिलमध्ये बगदाद पडलं. तेलमंत्रालयावर अमेरिकी पहारा बसला आणि राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. यावर संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा सूर 'होतं असं' असा होता. २३ मे रोजी इराकमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य एका आदेशाने बरखास्त केलं. लाखो माणसांचा पगार बंद झाला. बंदूक चालवण्याचं शिक्षण मात्र कुणाकडून परत घेता येत नाही. पुढच्या बंडाळीला माणसं कुठून मिळाली, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे मत चुकीचं आणि कारभार चोख, असं होऊ शकतं. उलटंही होऊ शकतं. इथवर दोन्ही हिशेब वेगळे ठेवणं रास्तच आहे. घोळ होतो तो एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यात टाकल्यावर. ऑगस्ट २००४ मध्ये ग्रँड कॅनियनच्या काठावर केरी यांना विचारलं गेलं: आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तरी होकार दिला असता? ते हो म्हणाले. अधिकार देणं बरोबर होतं, बुश यांनी तो वाईट वापरला, हा त्यांचा मुद्दा. बायडन यांनी २००५ मध्ये चूक मान्य केली, पण कशी? राष्ट्राध्यक्ष अधिकार नीट वापरतील असं धरून चाललो, ही चूक. कबुलीही माझी आणि दोषही दुसऱ्याचा! होकार देणारे आणखी एक सिनेटर जॉन एडवर्ड्स यांनी त्याच वर्षी आपलं मत चुकल्याचं सरळ लिहिलं. क्लिंटन यांना तेवढंच लिहायला २०१४ उजाडलं.

'मुभा दिली, युद्ध नाही' हा बचाव मला पटत नाही, त्याचं कारण त्याच सत्रातलं एक मतदान आहे. सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी दुरुस्ती मांडली होती: आधी संयुक्त राष्ट्रांची मंजुरी घ्या, ती मिळाली नाही तर एकट्याने जाण्यासाठी पुन्हा आमच्याकडे या. म्हणजे ठरावीक कामापुरतंच खासमुखत्यारपत्र! ती ७५ विरुद्ध २४ मतांनी फेटाळली गेली आणि विरोधात मत देणाऱ्यांत क्लिंटन होत्या.

जानेवारी २०२० मध्ये इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना बगदाद विमानतळाजवळ मारण्यात आलं. त्याला कायदेशीर आधार म्हणून ट्रम्प प्रशासनाने पुढे केलेल्या कागदांत २००२ चा हाच ठराव होता. इराकचे हुकूमशहा सद्दाम हुसेन यांची सत्ता जाऊन तेव्हा १६ वर्षं उलटली होती.