कांद्याचा दुसरा हिवाळा

जानेवारी सरता सरता जालना-बीडकडच्या रानातून जाताना मध्येच एखादं वावर पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं दिसतं. पोकळ, हिरवे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला चेंडूएवढा गोंडा. हा कांदाच. आपण खातो तो या झाडाचा अर्धा जन्म असतो. उरलेला अर्धा बियाण्याच्या प्लॉटमध्ये दिसतो, आणि मला तोच जास्त देखणा वाटतो.

कांदा द्विवर्षायू आहे. पहिल्या हंगामात तो नुसता साठवतो. पानांचे बुडखे जाड होतात, त्यांत साखर भरते, मधोमध वाढीचा कोंब झाकलेला राहतो. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, साठवणीच्या चाळीत पावसाळा काढतो आणि दिवाळीच्या आगेमागे त्यातले निवडक गोट, म्हणजे अख्खे कांदे, पुन्हा मातीत जातात.

आता कामाला येते थंडी. साधारण 8 ते 13 अंशांचा गारवा काही आठवडे मिळाला की कोंब पानं करायचं थांबवून फुलांच्या कळ्या घडवतो. मराठवाड्यातल्या हिवाळी रात्री त्याला पुरतात. कोबीला आणि युरोपीय केशरी गाजराला मात्र याहून कडक, लांबलेली थंडी लागते, म्हणून त्यांचं बी हिमाचल-काश्मीरकडे तयार होतं. आपलं देशी लाल गाजर इथल्या थंडीतही फुलतं.

कोवळ्या रोपावर या थंडीचा परिणाम होत नाही. पण रोप वयात येऊन जाड झालेलं असेल, तर ते पहिल्याच हिवाळ्यात फुलायला निघतं. शेतकरी म्हणतात, डेंगळे आले. साठवलेलं सगळं दांड्याकडे वळतं, कांदा पोसत नाही आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. जून झालेली रोपं लावू नयेत, ती यासाठीच.

गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलातले पराग आधी गळतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि तो आणतात मुख्यतः मधमाश्या. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं की बी भरणारे हातच आपण मारतो. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यातून काळं बी डोकावू लागतं. तेवढ्यात खुडावं लागतं, नाहीतर ते मातीत सांडतं. साध्या साठवणीत वर्षभरातच त्याची उगवण झपाट्याने घसरते, म्हणून त्याच वर्षीच्या रब्बीला ते वाफ्यावर पडतं.